बारा व्होल्ट

पाणी आधी बॅटरीपर्यंत पोचलं, मग आमच्या घोट्यांपर्यंत.
केबिनचा दिवा पिवळा झाला, तांबूस झाला,
मग नुसती तार दिसली, मग तीही नाही.
बाल्टिकचं पाणी म्हणे फारसं खारट नसतंच.
बॅटरी बुडवण्यापुरतं होतं. दोन्ही फोनही.

बॅटरी तळाशी ठेवायची, हे माझं म्हणणं.
वजन खाली असलेलं बरं, असं मी वसंतात म्हटलं होतं,
चाळीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या आवाजात.
आडू तेव्हा नको म्हणाला होता.
आत्ता तो बादलीनं पाणी उपसत होता
आणि ते वाक्य बोलत नव्हता.
भावाच्या न बोलण्याचं वजन
होडीत नेमकं कुठे ठेवायचं?

सुकाणू दुपारीच गेलेलं.
वारा नैर्ऋत्येचा, ऑक्टोबरचा,
'तिहाने'ला (चिमणीहूनही लहान पक्ष्याचं नाव आहे ते)
आडवी ढकलत हीउमाच्या उथळ खडकांकडे नेत होता.
कोपूचं दीपगृह आम्हाला दिसत होतं.
आम्ही त्याला नाही.

होडीचे बारा वाजले होते
आणि मला हवे होते फक्त बारा व्होल्ट.
आठ दिडे बारा.
म्हणजे आठ पेन्सिल सेल.

टॉर्चमधले दोन, म्हणजे आता मेणबत्ती.
हवामान ऐकायच्या ट्रान्झिस्टरमधले दोन.
शेगडीच्या ठिणगीच्या खटक्यातला एक, गंजलेला,
तो स्वेटरवर घासला.
नातवाची ट्राम उन्हाळ्यापासून बिछान्याखाली पडून होती,
तिचं पोट उघडलं: दोन.
भिंतीवरचं घड्याळ काढलं.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती, ती झालेलीच राहिली.

जुना नकाशा गुंडाळून नळी केली,
रिगाच्या आखाताचा, तिकडे आम्हाला जायचं नव्हतं.
एकामागे एक आठ. टोकाला चिमट्याची स्प्रिंग.
वायरची साल दातांनी काढली.
एका टोकावर आडूचा अंगठा, दुसऱ्यावर माझा.
रेडिओ मख्ख.

एवढ्यात लाट आली आणि मेणबत्ती गेली.
नळी सोडून एकेक सेल बोटांनी चाचपला:
इकडे बोंडी, तिकडे सपाट. बोंडी, सपाट.
सहावा पाठमोरा.
वर्गात मी दरवर्षी सांगत आले,
की पाठ फिरवलेला एक स्वतः तर वजा होतोच,
शेजारच्यालाही घेऊन जातो.
बारातून तीन गेले, उरले नऊ,
नऊवर कोणी बोलत नाही.
उलटा घातला कोणी, त्यानं की मी,
आडूनं विचारलं नाही.
मी सेल वळवला.

हिरवा आकडा उगवला. सोळा.
एक वॅट, त्याहून जास्त झेपणार नव्हतं,
आणि प्रत्येक शब्द थोडा थोडा सेल खात होता.
होडीचं नाव. कोपूच्या पश्चिमेला चार मैल.
दोघं जण. सुकाणू नाही.
बटण सोडलं.
खरखर. खरखर.
मग कुणा मुलीचा आवाज, विशीतला, तालिनहून,
च्युइंगम बाजूला सारल्यासारखा:
"तिहाने, ऐकू येतंय. तुम्ही तिथंच थांबा."

आडू हसत सुटला. थांबा म्हणे. सुकाणू नाही आणि थांबा.
दम लागेपर्यंत हसला,
पण अंगठा काढला नाही,
त्यांची बोट येईपर्यंत, दीड तास.
स्प्रिंगचे वेढे नंतर आठवडाभर
त्याच्या कातडीवर दिसत होते.

ट्राम आता चालते. घड्याळही लावलं,
चार-दहावर अडवून मिरवण्यात काय अर्थ आहे.
बॅटरी वर नेली, बाकाखाली, चार स्क्रूंवर.
तिसरा पिळताना आडू थांबला, श्वास घेतला.

"म्हण," मी म्हटलं. "आता म्हण."

"मी म्हटलं होतं," तो म्हणाला,
आणि चौथा स्क्रू माझ्याकडे मागितला.